विमान आणि हेलिकॉप्टर एकाच आकाशात: इंदूरकर मला वारंवार विचारतात ते प्रश्न

नोकरी एअर ट्रॅफिक कंट्रोलरची आणि निवृत्तीनंतरचं घर सुदामानगरात. त्यामुळे आकाशात काही घरघरलं की सोसायटीतली मंडळी आधी वर बघतात आणि मग माझ्याकडे. उज्जैन-ओंकारेश्वरची हेलिकॉप्टरं सुरू झाल्यापासून तर विचारूच नका. गणपतीच्या आरतीनंतर, सकाळी फिरताना, हळदीकुंकवाला आलेल्या वहिनींकडून, सगळीकडे तेच प्रश्न. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. प्रश्न लोकांच्याच शब्दांतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, ती सवय जुनी आहे.

बिजासन टेकडीवरून पाहिलं तर हेलिकॉप्टर विमानाला घासूनच गेलं. खरंच इतकं जवळून जातात का?

बहुतेक वेळा नाही. टेकडी विमानतळाला लागून आहे, त्यामुळे तिथून उतरणारं विमान अवाढव्य दिसतं. एअरबस ए३२० ची लांबी साडेसदतीस मीटर, लहान हेलिकॉप्टरची दहा-बारा. दूरचं मोठं विमान आणि जवळचं लहान हेलिकॉप्टर एका रेषेत आले की डोळा दोघांना शेजारी बसवून मोकळा होतो. मध्ये दोन किलोमीटर असले तरी पत्ता लागत नाही. कोजागरीला चंद्र फांदीत अडकलेला दिसतो, त्यातलाच प्रकार.

मात्र एक गोष्ट खरी आहे. दोन प्रवासी विमानांमध्ये अंतर आकड्यांत पाळावं लागतं: उभं एक हजार फूट, नाहीतर रडारवर तीन किंवा पाच सागरी मैल. प्रवासी विमान आणि नजरेच्या भरवशावर उडणारं हेलिकॉप्टर यांच्यात मात्र दर वेळी असा आकडा बांधलेला नसतो. सगळी गोम तिथेच आहे.

म्हणजे हेलिकॉप्टरला नियम वेगळे?

नियम यंत्राला नसतात, उड्डाणाच्या प्रकाराला असतात. प्रवासी विमान ‘आयएफआर’ने उडतं, म्हणजे यंत्रांवर विसंबून आणि कंट्रोलरने आखून दिलेल्या वाटेने. ढगात असलं तरी त्याला फरक पडत नाही. हेलिकॉप्टर बहुधा ‘व्हीएफआर’ने उडतं, म्हणजे बाहेर बघून. त्यासाठी हवा स्वच्छ लागते. दहा हजार फुटांखाली साधारण पाच किलोमीटर दृश्यता आणि ढगांपासून ठरलेलं अंतर हवं.

बऱ्याच विमानतळांभोवतीच्या आकाशात कंट्रोलर व्हीएफआर हेलिकॉप्टरला सांगतो की अमुक ठिकाणी, अमुक उंचीवर एक विमान येतंय. याला आम्ही ट्रॅफिक इन्फर्मेशन म्हणतो. पुढे ते विमान बघून टाळायची जबाबदारी मुख्यतः हेलिकॉप्टरच्या वैमानिकाची. कागदावर हे सुटसुटीत आहे. माझं म्हणणं असं, की गर्दीच्या विमानतळाजवळ एवढ्यावर भागत नाही. का ते पुढे येईलच.

पण विमान वर असतं, हेलिकॉप्टर खाली. गाठ पडेलच कशी?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आधी कागद-पेन्सिल आणायला सांगतो. उतरणारं विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून येतं. म्हणजे दर किलोमीटरला जेमतेम बावन्न मीटर खाली. हा उतार फार सपाट आहे. धावपट्टीपासून दहा किलोमीटरवर विमान जमिनीपासून सुमारे पावणेदोन हजार फुटांवर असतं. पाच किलोमीटरवर नऊशे. दोन किलोमीटरवर चारशेच्या आत. एका किलोमीटरवर सव्वादोनशेच्या आसपास.

हेलिकॉप्टर सहसा पाचशे ते हजार फुटांवरून जातं. त्यामुळे दहा-पंधरा किलोमीटरवर दोघांत भरपूर जागा असते, कुणी एकमेकांकडे बघितलंही नाही तरी चालेल. पण शेवटच्या पाच-सहा किलोमीटरांत विमान हेलिकॉप्टरच्या उंचीवर येतं आणि तिथून खाली जातं. धोका त्या पट्ट्यात आहे. नेमक्या त्याच वेळी विमानातले दोघे वैमानिक धावपट्टी, वेग, चाकं आणि फ्लॅप यांत गुंतलेले असतात. उजवीकडच्या खिडकीबाहेर कोण चाललंय हे बघायची त्यांना तेव्हा फुरसत नसते.

पश्चिमेचा वारा असला की इंदूरला विमानं शहराच्या बाजूने, राजवाड्याच्या उत्तरेकडून बाणगंगेच्या अंगाने येऊन उतरतात. म्हणजे हा शेवटचा पट्टा आपल्या घरांवरच आहे.

वॉशिंग्टनला नेमकं काय झालं होतं? टीव्हीवर तर रोज वेगळं सांगत होते.

२९ जानेवारी २०२५ ची रात्र. पीएसए एअरलाइन्सचं सीआरजे ७०० जातीचं विमान विचिटाहून येऊन वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर उतरत होतं. त्यात ६४ माणसं होती. अमेरिकी सैन्याचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर तिघांना घेऊन सरावाच्या फेरीवर होतं. पोटोमॅक नदीवर दोघांची टक्कर झाली आणि ६७ च्या ६७ गेले.

कोण चुकलं, हा प्रश्न इथे फार पुढे नेत नाही. कड्या कशा जुळत गेल्या ते बघा. विमान आधी मुख्य धावपट्टी १ कडे येत होतं. टॉवरने, म्हणजे तिथल्या कंट्रोलरने विचारलं, धावपट्टी ३३ वर उतराल का? वैमानिक हो म्हणाले आणि नदीवरून वळसा घेऊ लागले. नदीकाठाने हेलिकॉप्टरसाठी आखलेली ‘रूट ४’ नावाची वाट जात होती, तिची कमाल उंची २०० फूट. आता वरचा उताराचा हिशेब लावा. ३३ वर उतरणारं विमान आणि २०० फुटांवरचं हेलिकॉप्टर यांच्यात एका ठिकाणी फक्त ७५ फूट उरत होते. सगळं काटेकोर नियमाप्रमाणे झालं तरीही ७५! आपल्याकडच्या सात मजली इमारतीएवढं अंतर, आणि दोन्हीकडे यंत्रं धावती.

त्यात हेलिकॉप्टर २०० च्या वर होतं. टक्कर झाली ती पावणेतीनशे-तीनशे फुटांच्या दरम्यान. हेलिकॉप्टरमधल्या उंचीमापकाने बहुधा कमी उंची दाखवली असावी. तशाच हेलिकॉप्टरांच्या नंतर चाचण्या घेतल्या, तेव्हा काटा खऱ्यापेक्षा ८० ते १३० फूट खाली दिसत होता. कंट्रोलरने विमान वळसा घेतंय असं सांगितलं होतं, त्यातला ‘वळसा’ हा शब्द हेलिकॉप्टरमध्ये ऐकूच गेला नाही. शेवटी ‘विमानाच्या मागून जा’ म्हणाला, तर त्याच क्षणी हेलिकॉप्टरने माइक दाबला होता. ०.८ सेकंद. तेवढे शब्द पुसले गेले. विमान एका फ्रिक्वेन्सीवर, हेलिकॉप्टर दुसऱ्या. दोघांशी बोलणारा कंट्रोलर एकच.

आणि हेलिकॉप्टरने दोनदा सांगितलं होतं: विमान दिसतंय, आम्ही स्वतः अंतर ठेवतो.

अमेरिकेच्या तपास मंडळाने, एनटीएसबीने, मार्च २०२५ मध्ये जुन्या नोंदी चाळल्या. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळाजवळ विमान आणि हेलिकॉप्टर एक सागरी मैलाच्या आणि ४०० फुटांच्या आत आल्याचे १५,२१४ प्रसंग सापडले. त्यांतले ८५ फारच जवळचे, १५०० फूट आडवे आणि २०० फूट उभे यांच्याही आत. म्हणजे आकडे साठत होते, बघायला कुणी बसलं नव्हतं. अपघातानंतर तो मार्ग विमानतळाजवळ बंद केला.

‘दिसतंय’ म्हणाल्यावर दिसायला नको का? डोळे होते की नव्हते?

डोळे होते. पण बघणं आणि बरोबर विमान बघणं यात फरक आहे. हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा बैठक मारून सांगतो.

सुपर कॉरिडॉरवर गाडी चालवताना एक प्रयोग करून बघा. आडव्या रस्त्याने चौकाकडे येणाऱ्या गाडीकडे लक्ष ठेवा. ती काचेवर पुढे किंवा मागे सरकत असेल तर तिची तुमची भेट होणार नाही. ती काचेवर एकाच जागी खिळून राहिली आणि नुसती मोठी होत गेली, तर ब्रेकवर पाय ठेवा. आकाशात हेच. आपल्याला धडकणारं विमान काचेवर हलत नाही. आणि न हलणारी वस्तू माणसाच्या डोळ्याला सापडत नाही, कारण डोळा हालचाल टिपायला बनलाय. बराच वेळ तो ठिपका काचेवरच्या चिलटाएवढा असतो आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम फुगतो.

वेळेचा हिशेबही बघा. उतरणाऱ्या विमानाचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर, हेलिकॉप्टरचा २२० धरा. समोरासमोर असले तर सेकंदाला १३३ मीटर. दोन किलोमीटर पंधरा सेकंदांत संपतात. वस्तू दिसणं, ती काय आहे ते कळणं, धडकेची जाणीव, निर्णय, हाताची हालचाल आणि यंत्राने वळणं, या सगळ्याला मिळून साधारण साडेबारा सेकंद लागतात असं वैमानिकांना शिकवतात. खाली शहराचे दिवे असतील तर विमानाचा दिवा हजारांतला एक. वॉशिंग्टनला तर हेलिकॉप्टरची मंडळी रात्रीचे गॉगल लावून उडत होती, त्यातून कडेचं कमी दिसतं.

माझा स्वतःचा एक प्रसंग. विमानतळाचं नाव सांगत नाही, आपल्या इंदूरचं नाही. निवडणुकीचे दिवस होते. नेत्यांच्या हेलिकॉप्टरचं वेळापत्रक म्हणजे लग्नाचा मुहूर्त, छापलेला असतो आणि पाळला जात नाही. वैमानिक तात्पुरत्या हेलिपॅडवरून फोनवर म्हणाला, पाच मिनिटांत निघतो. मी दोन विमानांच्या मधली फट त्याच्यासाठी राखली. साहेबांचं भाषण काही संपेना. तो उठला तेव्हा फट केव्हाच बुजली होती. एक विमान उडत होतं, दुसरं सहा मैलांवर उतरणीला लागलेलं. मी त्याला सहा मैलांवरच्या विमानाची माहिती दिली. लगेच उत्तर आलं, ‘ट्रॅफिक इन साइट.’ त्याचा आवाज इतका निश्चिंत होता की मला शंका आली. विचारलं, कुठल्या बाजूला दिसतंय? म्हणाला, ‘डावीकडे, वर चढतंय.’ म्हणजे बाबाला उडालेलं विमान दिसत होतं, उतरणारं नाही! मी त्याला पाण्याच्या टाकीवर गोल फिरवत ठेवलं. विमान उतरलं, मग ओलांडू दिलं. हवेतली तीन मिनिटं गेली. साहेब रागावले असं नंतर कळलं.

त्या दिवसापासून नुसतं ‘दिसतंय’ मी कधीच घेतलं नाही. कोणतं, कुठे आणि कुठे चाललंय, तिन्ही ऐकल्याशिवाय पेन्सिल पुढे सरकायची नाही. ही चूक जुनी आहे. सॅन दिएगोला २५ सप्टेंबर १९७८ रोजी प्रवासी जेटच्या वैमानिकांनी लहान सेस्ना दिसल्याचं सांगितलं, मग ते नजरेतून सुटलं आणि १४४ माणसं गेली.

विमानात टक्कर टाळायचं यंत्र असतं ना? मग एवढी चिंता कशाला?

असतं. त्याला टीकॅस म्हणतात. ते आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरला, म्हणजे रेडिओवर उत्तर देणाऱ्या यंत्राला, सारखं विचारत असतं, तू कुठे आणि किती उंचीवर? आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असं सावध करतं. जवळीक वाढली तर थेट आज्ञा देतं, वर जा किंवा खाली जा. समोरच्या विमानातही ते यंत्र असेल तर दोन यंत्रं आपसांत ठरवतात, एक वर, एक खाली.

आपल्या देशात ते सक्तीचं व्हायला चरखी दादरी घडावं लागलं. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात सौदीचं ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन समोरासमोर धडकले. एकाला १४ हजार फूट दिले होते, दुसऱ्याला १५ हजारांवर थांबायचं होतं, ते खाली घसरलं. ३४९ बळी. त्यानंतर प्रवासी विमानांना हे यंत्र लावल्याशिवाय भारतात उडता येईना.

पण दोन गोष्टी माहीत नसतात. एक, समोरच्याचा ट्रान्सपॉन्डर बंद असेल तर टीकॅसच्या लेखी तो नाहीच. दुसरी जास्त महत्त्वाची. जमिनीपासून साधारण हजार फुटांच्या खाली टीकॅस ‘वर जा, खाली जा’ सांगणं बंद करतं. करावंच लागतं. इतक्या खाली ‘खाली जा’ म्हटलं तर खाली काय आहे? जमीन. शिवाय एप्रनवर, म्हणजे विमानतळाच्या वाहनतळावर, उभी असलेली विमानं बघून ते उगाच ओरडत बसेल. वॉशिंग्टनच्या विमानात टक्करीच्या वीसेक सेकंद आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ आलं होतं. पुढची आज्ञा आली नाही, कारण त्या उंचीवर ती येतच नाही.

वरचं उतरणीचं गणित आठवा. हेलिकॉप्टरशी गाठ पडायचा पट्टा हजार फुटांच्या खालीच आहे. म्हणजे जिथे गरज, तिथे यंत्र गप्प.

मग टॉवर करतो तरी काय?

साधी कामं, पण चोख. हेलिकॉप्टरला जमिनीवरच्या ओळखीच्या खुणा देतो: तलाव, रेल्वेलाइन, हायवे, टेकडी. ‘या खुणेच्या अलीकडे थांब, मी सांगितल्याशिवाय ओलांडू नको.’ उंचीची मर्यादा देतो. वैमानिकाला प्रत्येक सूचना परत म्हणून दाखवावी लागते, त्याला रीडबॅक म्हणतात. अर्धवट म्हटली तर पुन्हा म्हणायला लावायची, कितीही घाई असो. आणि वेळ: दोन विमानांमध्ये तीन मिनिटांची फट दिसली की हेलिकॉप्टर त्यातून काढायचं.

थांबवून ठेवणं हा हेलिकॉप्टरच्या बाबतीत हुकमी एक्का आहे. विमानाला हवेत उभं करता येत नाही, हेलिकॉप्टरला येतं. मग खोळंबा कुणी सोसायचा? दीडशे माणसं घेऊन उतरणाऱ्याने की पाच माणसांच्या हेलिकॉप्टरने? माझं उत्तर कायम एकच होतं, आणि त्यामुळे काही बडी मंडळी माझ्यावर नाराज होती.

हेलिकॉप्टर धावपट्टीच्या बरोब्बर वरून गेलेलं पाहिलं! हा वेडेपणा नाही का?

उलट, बऱ्याचदा तीच सगळ्यात सुरक्षित जागा असते. विचार करा. उतरणारं विमान धावपट्टीच्या एका टोकाकडून येतं, उडणारं दुसऱ्या टोकाकडून वर जातं. मध्यभागी, दोन्ही टोकांच्या मधोमध, विमानं जमिनीवर असतात. तिथून पुरेशा उंचीवरून काटकोनात ओलांडलं तर हवेत कुणी आडवं येत नाही आणि टॉवरमधून दुर्बिणीशिवाय सगळं दिसतं. इंदूरची धावपट्टी सुमारे पावणेतीन किलोमीटर लांब आहे. तिच्या मध्यावरून ओलांडणं हे टोकापासून दोन किलोमीटरवर ओलांडण्यापेक्षा कितीतरी बरं.

एक अपवाद सांभाळायचा: गो-अराउंड. उतरता उतरता विमानाने पुन्हा वर जायचं ठरवलं तर ते धावपट्टीवरूनच चढत जातं. म्हणून वरून हेलिकॉप्टर जात असेल तेव्हा शेवटच्या दोन-तीन मैलांत विमान नको.

‘आठशे फुटांवर आहे’ म्हणजे कुठून आठशे?

फार मोलाचा प्रश्न, आणि हा मला एका नववीतल्या मुलीने विचारला होता. वैमानिक बोलतो ती उंची सहसा समुद्रसपाटीपासूनची असते. माळव्याचं पठार उंच, इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १८५० फुटांवर. म्हणजे हेलिकॉप्टर जमिनीवर उभं असतानाही उंचीमापकात १८५० दिसतात. जमिनीपासून आठशे फूट जायचं तर काट्यावर २६५० हवेत.

उंचीमापक म्हणजे हवेचा दाब मोजणारं घड्याळ. दाब दिवसभर बदलतो, म्हणून टॉवर त्या वेळचा दाब सांगतो, त्याला क्यूएनएच म्हणतात. वैमानिक तो उंचीमापकावरच्या छोट्या खिडकीत लावतो. एका हेक्टापास्कलची चूक म्हणजे साधारण सत्तावीस ते तीस फूट. दहाची चूक झाली, आकडा ऐकताना किंवा लावताना, की जवळजवळ तीनशे फूट गेले. वॉशिंग्टनचे ७५ फूट आठवा. म्हणून केवळ उंचीच्या फरकावर दोन वाटा एकावर एक आखू नयेत, आडवंही अंतर हवं, या मताचा मी आहे.

ओंकारेश्वर ते उज्जैन हेलिकॉप्टर जातं, ते आपल्या विमानतळाच्या आड येतं का?

राज्याच्या पर्यटन खात्याने इंदूर, उज्जैन आणि ओंकारेश्वर जोडणारी हेलिकॉप्टर सेवा २०२५ मध्ये सुरू केली, तेव्हापासून हा प्रश्न पहिल्या नंबरावर आहे. मी नकाशावर पट्टी ठेवून पाहिली. वैमानिक कोणत्या वाटेने जातात ते त्यांच्या चार्टवर असतं, मी नुसती भूमिती सांगतो.

विमानतळापासून उज्जैन जवळजवळ सरळ उत्तरेला, ओंकारेश्वर आग्नेयेला. धावपट्टी पूर्व-पश्चिम, तिच्या दोन टोकांचे आकडे ०७ आणि २५. दोन ज्योतिर्लिंगं जोडणारी सरळ रेषा शहराच्या पूर्वेकडून, विमानतळापासून पंधरा-सोळा किलोमीटरवरून जाते. तिथे उतरणारं विमान जमिनीपासून अडीच-पावणेतीन हजार फुटांवर असतं. हेलिकॉप्टर हजारावर राहिलं तर मध्ये भरपूर हवा. ही वाट मला डोळे मिटून चालेल.

अडचण इंदूरला थांबणाऱ्या फेरीची. आग्नेयेकडून विमानतळावर आलं आणि उत्तरेला निघालं, की धावपट्टीची रेषा कुठेतरी जवळून ओलांडणं आलं. ती जागा ठरलेली हवी, रोज तीच हवी, आणि वैमानिकाच्या मर्जीवर नको. २०२८ ला उज्जैनला सिंहस्थ आहे. तेव्हा हेलिकॉप्टरं किती येतील याची कल्पना करा: यात्रेकरू, मंत्री, पोलीस, रुग्णांसाठीची. गर्दीत रेषा आखायला गेलं तर रेषा गर्दीच आखते. त्या आधीच्या दोन पावसाळ्यांतच हे काम उरकायला हवं, आणि आखताना डोळ्यांवर सोडलेली जागा एकही ठेवू नये.

विमान गेल्यावर लगेच मागून निघायला काय हरकत?

विमानाच्या पंखांच्या टोकांतून हवेचे दोन भोवरे सुटतात आणि मागे, खाली जात राहतात, मिनिटाला तीनशे-पाचशे फूट. वारा पडलेला असेल तर ते जास्त टिकतात. हलकं हेलिकॉप्टर त्यात सापडलं तर उलटंपालटं होऊ शकतं. म्हणून ‘मागून जा’ याचा अर्थ लगेच मागून असा नाही. थोडं थांबून, किंवा विमान ज्या उंचीवरून गेलं त्याच्या वरून.

दोघे वैमानिक एकमेकांशी थेट बोलत का नाहीत?

एकाच फ्रिक्वेन्सीवर असतील तर निदान एकमेकांना ऐकतात, आणि ऐकण्यानेच अर्धं काम होतं. प्रवासी विमानाचा वैमानिक कान देऊन असतो. ‘हेलिकॉप्टर अमुक ठिकाणी’ ऐकलं की तो मान वळवतो. फ्रिक्वेन्सी वेगळ्या असतील तर चित्र फक्त कंट्रोलरच्या डोक्यात. सैन्याचं किंवा पोलिसांचं हेलिकॉप्टर असेल तर हे आधी विचारून घ्यावं.

रात्री हेलिकॉप्टर का फारशी दिसत नाहीत?

आपल्याकडे व्हीएफआर उड्डाण सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपासून सूर्योदयाआधी वीस मिनिटांपर्यंत, खास परवानगीचे अपवाद सोडले तर, करता येत नाही. मला हा नियम आवडतो.

मुंबईत जुहूला रोज कसं जमतं?

जुहूचा तळ मुंबईच्या मोठ्या विमानतळाला अगदी खेटून आहे, आणि तिथून बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरं जाताहेत. जमतं, कारण वाटा, उंच्या आणि दोन टॉवरांमधलं बोलणं ठरलेलं आहे. तिथे कुणी ‘बघून जातो’ म्हणत नाही.

आमच्या लग्नात ड्रोन उडवला तर?

गांधीनगर, कालानीनगरच्या लॉनवर असेल तर आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडा. विमानतळाजवळ ड्रोनला बंदी असते. आणि आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यातसुद्धा दोनशे फुटांच्या वर परवानगी लागते. हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला ड्रोन दिसत नाही, हे मी सांगायला नको.

माझं विमान उतरता उतरता पुन्हा वर गेलं. काही भयंकर घडलं होतं का?

नाही. गो-अराउंड म्हणजे गडबड टळली, किंवा गडबडीची शंका होती म्हणून टाळली. धावपट्टीवर कुणी रेंगाळलं असेल, वारा फिरला असेल, हेलिकॉप्टर जरा जवळ वाटलं असेल. पंधरा मिनिटं उशिरा उतराल. विमानतळावर घ्यायला आलेल्या मावशीच्या शिव्या खा आणि वैमानिकाला मनातल्या मनात नमस्कार करा.

मुलीला कंट्रोलर व्हायचंय. काय शिकावं लागतं?

भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एससी., किंवा इंजिनीअरिंग. भारतीय विमानतळ प्राधिकरण ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह म्हणून परीक्षेने घेतं. पुढचं प्रशिक्षण प्रयागराजसारख्या ठिकाणी, डोळे-कान तपासतात आणि आवाजाची चाचणीही असते. मराठी शाळेतून आलेल्यांनी घाबरू नये, इंग्रजी बरंचसं ठरावीक वाक्यांचं लागतं, ते स्वच्छ लागतं. आकडे एकेक करून म्हणायची सवय आत्तापासून लावा: ‘पंचवीस’ नाही, ‘दोन, पाच’. मी अजून दूधवाल्याला महिन्याचा हिशेब असाच सांगतो, आणि तो दर महिन्याला मला पुन्हा म्हणायला लावतो.